सरोळी लाल झाली

सरोळी नदीच्या वळणावर वसलेला आलवाडीचा कसबा तांबड्या खारव्याच्या कापडासाठी बुऱ्हाणपुरापर्यंत ठाऊक होता. माळावरची आलाची झाडं, त्यांच्या मुळांचा रंग आणि तो रंग खुलवणारं नदीचं पाणी, एवढ्यावर रंगारी आळीच्या चुली पेटत. पण त्या चैत्रात पहाट फटफटली ती तटाभोवती पडलेल्या मोगलांच्या राहुट्यांवर. वेशी बंद होत्या, आणि आतून मुंगीलाही बाहेर जायला वाट नव्हती.

एके दिवशी उजाडण्याआधीच तुळजाबाई रंगारीण ठाणेदार विठोजीरावांनी मागवलेलं नवं निशाण घेऊन गढीवर आली. ते बुरुजावर चढलं, की नदीच्या खालच्या अंगाला थांबलेल्या मराठी फौजेनं घळीतून गावाच्या कुमकेला यायचं, असा संकेत होता. निशाण देताना तिची नजर खाली गेली. घळीतल्या बाभळींआड बंदुकांचे तोडे लुकलुकत होते.

"सरकार, घळीत गनीम बसलाय!"

"ठाऊक आहे," विठोजीराव पानाला चुना लावत म्हणाले. "गावात दाणा उरला नाही, तुळजाबाई. फौज घळीत सापडली, की गाव वाचेल, आम्हांस जहागीर मिळेल. तुम्ही काही पाहिलं नाही."

"माझा रायाजी त्या फौजेत आहे."

"म्हणूनच तुमच्या दारावर पहारा राहील."

पहाऱ्यावर आळीतलाच म्हाळोजी होता. "मावशी, पाय बाहेर टाकू नका. माझी मान जाईल."

"सांभाळ बाबा मान. तिच्यावरचं मुंडासं माझ्याच हातचं आहे."

दार लावून ती रंगाच्या हौदापाशी आली. लगीनसराईच्या लुगड्यांसाठी काढलेला सगळा रंग त्यात होता. हौदाचं पन्हळ तटाखालून नदीत उघडायचं. त्यातून मांजर जाणं कठीण, मग माणूस कसलं! पण रंग जाणार होता. आळीची एक रीत होती: खालच्या गावांचं पाणी भरून होईपर्यंत हौदाचं बूच काढायचं नाही. तिच्या सासूच्या सासूनंही ती मोडली नव्हती. रायाजी याच हौदाच्या कडेवर वाढला होता. भल्या पहाटे नदी लाल दिसली, तर तो काय समजेल? की घोड्यांना पाणी पाजून तसाच पुढे येईल?

तिनं पदर खोचला आणि बूच उपटलं.

नदी लाल झाल्याची वर्दी मिळताच विठोजीराव धावत आले.

"हे काय केलंत?"

"बूच कुजलं होतं, सरकार."

त्यांनी तिला त्याच रिकाम्या हौदात उतरवलं आणि वर फळ्या टाकून धोंडे ठेवले. ओल्या तांबड्या अंधारात ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. घळीकडे कान लावला. तिकडून एकही बार ऐकू येईना. फौज आलीच नाही, की आली आणि कापली गेली? तिनं देवीचं नाव घेतलं, तेही अर्ध्यावर तुटलं.

ऊन चढल्यावर बार झाले, पण डोंगराच्या बाजूनं, घळीच्या पाठीमागून! मग पळापळ, आरोळ्या, वेस उघडल्याचा करकराट.

फळ्या सरकल्या. म्हाळोजीशेजारी धुळीनं माखलेला रायाजी वाकून बघत होता.

"आये, पाणी बघितलं आणि सरदारांना म्हटलं, माझी आई मरेल, पण या वेळी बूच काढायची नाही. आत काहीतरी घात आहे. म्हणून घळ सोडून डोंगरावरून वळसा घेतला."

विठोजीरावांना दोरखंडानं बांधून छावणीत नेलं. त्या वर्षी पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुली हळदीत बुडवलेली लुगडी नेसून बोहल्यावर चढल्या.

पण त्या दुपारी तुळजाबाई हौदातून वर आली, तेव्हा दारात खालच्या गावच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. हौदाच्या तळातला रंग अजून पन्हळातून नदीत ओघळत होता. तिनं शरमेनं मान खाली घातली. त्यांतली म्हातारी पाटलीण पुढे झाली. तिनं तुळजाबाईचे लाल झालेले हात आपल्या हातांत घेतले.

"तुळजे, आता बूच लाव गं. पाणी भरायचंय."