एकविसावी टाचणी

"एकोणीस," मावशी म्हणाली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंगरीने आणि तिच्या मावसभावाने, म्हणजे ढब्बूने, डबीतल्या टाचण्या पुन्हा मोजून पाहिल्या. एकोणीसच! सुट्टी लागल्यापासून ही दोघं मावशीच्या कारखान्यातच पडीक असायची. तिथे अंतराळवीरांचे हातमोजे शिवत. प्रत्येक शिवणारीकडे वीस टाचण्या असत, प्रत्येकीच्या टाचण्यांचा रंग वेगळा. मावशीचा निळा. हातमोजा पुरा झाला की टाचण्या मोजायच्या, आणि वीस भरल्याशिवाय तो दाराबाहेर न्यायचा नाही. कारण उघड होतं. एखादी टाचणी आत राहिली, तर चंद्रावर हातमोज्याला भोक पडणार, हवा निसटणार आणि घालणाऱ्याचं काही खरं नाही.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उरले दिवस : ९'. दहाव्या दिवशी शेजारच्या देशाचं यान निघणार होतं आणि कारखान्याच्या साहेबांना आपलं यान त्यांच्या आधी पाठवायचं होतं. चंद्राला काही घाई नव्हती. हातमोजा न्यायला चारला गाडी यायची होती, आणि आत राहिलेली टाचणी दाखवणारं तपासणीचं यंत्र नेमकं बंद पडलं होतं.

साहेब आले, शिवणाऱ्या बायकांना साधं मोजता येत नाही म्हणाले आणि डबी घेऊन आपल्या खोलीत गेले. दोन मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी सगळ्यांसमोर मोजल्या तर चक्क वीस भरल्या! मावशीचा जीव भांड्यात पडला. हातमोजा खोक्यात बंद झाला.

भिंगरी मात्र टाचण्या डबीत परत भरताना थबकली. सहा महिने वापरून एकोणीस टाचण्यांची डोकी फिकी पडली होती. विसावीचं डोकं नवंकोरं, चकचकीत होतं.

"मावशी, ही आपली नाही," ती हळूच म्हणाली. "आपली आतच राहिलीय."

मावशीने टाचणी निरखली. मग ती खोक्याकडे बघत राहिली. साहेबांना विचारण्यात अर्थ नव्हता, ते ऐकणाऱ्यातले नव्हते.

ढब्बूच्या खिशात जगातल्या सगळ्या वस्तू असत. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबकही होतं. ते त्याने भिंगरीला दिलं आणि स्वतः साहेबांना गाठून, आपण शेजाऱ्यांच्या पुढे कसे जाणार, एवढंच विचारलं. झालं, साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुटला! ढब्बू भाबड्या चेहऱ्याने मान डोलावत राहिला.

"नोकरी गेली तर गेली," असं म्हणून मावशीने खोक्याची पट्टी कापली.

भिंगरी लोहचुंबक करंगळीपासून फिरवत गेली. चार बोटं काहीच झालं नाही. आपलंच चुकलं असेल तर? अंगठ्याशी मात्र ते घट्ट चिकटलं. मावशीने स्वतःचीच शिवण उसवली आणि आतून एक फिकी निळी टाचणी निघाली.

तेवढ्यात साहेब संतापून धावत आले. मावशीने शांतपणे ती टाचणी डबीत टाकली.

"आता मोजा, साहेब."

साहेबांनी मोजल्या. एकवीस. त्यांनी पुन्हा मोजल्या नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "पण आता चारची गाडी चुकणार, ते आपल्या आधी पोचतील."

"पोचू देत," मावशी म्हणाली आणि सुई ओवायला बसली.

ते आधी पोचलेच. आपलं यान त्यांच्यामागून अकरा दिवसांनी गेलं. परतल्यावर तो हातमोजा घालून गेलेली अंतराळवीर कारखान्यात आली. मोठमोठ्या लोकांनी मुलांचं तोंड भरून कौतुक केलं. ढब्बू भाषणं चालू असताना डुलक्या घेत होता. भिंगरीने धीर करून विचारलं, दुसऱ्या क्रमांकावर पोचल्याचं वाईट वाटलं का?

"वाटलं ना," अंतराळवीर सरळ म्हणाली. "त्यांचं निशाण आधीच होतं तिथे. आपलं मी त्याच्या शेजारी रोवलं." मग तिने उजवा अंगठा भिंगरीपुढे धरला. "ह्यानेच दाबून बसवलं."

भिंगरीने तो अंगठा मुठीत धरला. तो गरम होता.