खळ वाळेपर्यंत

त्या पत्राला दादांनी उत्तर दिलं नाही हे खरं. पण ते फाडलंही नाही, हेही तितकंच खरं!

पत्र आलं त्या दुपारी ते आईच्या खोलीतली खाट आवरत होते. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. उशीच्या अभ्र्याला तिच्या केसांचा वास अजून तसाच येत होता, आणि तो धुवायला टाकावा की असाच ठेवावा, या विचारात दादा अभ्रा हातात धरून उभे असतानाच पोस्टमनने दारातून हाक मारली. पाकिटावर धाकट्या बहिणीचं अक्षर! त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं.

‘दादा, तू फोन घेत नाहीस म्हणून लिहिते आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला सोडलंच नाही रे. पाणीसुद्धा चमच्याने पीत होते मी. आईला शेवटचं पाहता आलं नाही, हे दुःख मला जन्मभर पुरेल. त्यात तुझा अबोला नको. इथे आमची एक मंडळी जमते, सगळी माझ्यासारखीच. रोज कुणीतरी विचारतं, घोट घोट चाललंय ना? तू एकदा विचार. बाकी काही नको. तुझी ढोलकी.’

लहानपणी गल्लीतली पोरं या दोघा भावंडांना ढोल आणि ढोलकी म्हणायची. दोघंही अंगाने भरलेली. चिडवून घ्यायचं तेही दोघांनी मिळून, आणि घरी येऊन रडायचं तेही एकाच दाराआड! पण त्या दुपारी दादांना ढोलकीची आठवण गोड लागली नाही. आई मरणाच्या दारात होती आणि ही बारीक व्हायला गेली होती! पोट लहान करून घ्यायला! आणि वर डॉक्टरांचं नाव पुढे करते... ज्याला यायचं असतं तो येतो. दादांनी पत्राची घडी घातली, आईच्या अभ्र्यात ठेवली आणि अभ्रा कपाटात.

त्यांचं काही चुकलं असं तेव्हा कुणीच म्हटलं नसतं. बायको लवकर गेली, पदरात एक लहान मुलगी. तिला वाढवता वाढवता अंथरुणाला खिळलेल्या आईचंही सगळं त्यांनी केलं. दादा सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकबांधणी करत. पानं सुटलेली, पाठी मोडलेली पुस्तकं त्यांच्या टेबलावर येत आणि धडधाकट होऊन परत जात. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संग्रहालयात त्यांना बोलावणं आलं होतं. आईला हलवता येणार नाही म्हणून त्यांनी ते नाकारलं, आणि त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नाही. त्याग करणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो तोंडाने काही मागत नाही, पण मनातल्या मनात सगळ्यांच्या नावावर मांडून ठेवतो!

वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. दादा निवृत्त झाले, तरी ग्रंथालयाची मोडकी पुस्तकं घरी येतच राहिली. वजन मात्र वाढत गेलं. गुडघे बोलू लागले, साखर वर चढली, झोपेत श्वास अडकू लागला. शेवटी डॉक्टरांनी समोर बसवून शांतपणे सांगितलं, “तुमच्या बाबतीत ऑपरेशन हाच चांगला मार्ग आहे.”

“कसलं ऑपरेशन?” दादांनी विचारलं, आणि उत्तर आलं, पोट लहान करायचं... तेच! ज्या गोष्टीसाठी त्यांनी सख्ख्या बहिणीशी अबोला धरला होता, नेमकी तीच!

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जे जे सांगितलं ते दादांनी नीट ऐकलं. आधी पातळ, मग मऊसर, पाणी घोटाघोटाने, जेवताना पाणी नाही, गोळ्या जन्मभर. ताप आला, छातीत धडधडलं, पोटात किंवा खांद्यात दुखलं, तर क्षणभरही वाट बघायची नाही. आणि दर गुरुवारी रुग्णालयाच्या मागच्या खोलीत जमणाऱ्या मंडळींत यायचं.

हे शेवटचं दादांना जड गेलं. परक्या माणसांसमोर पोटाच्या गोष्टी करायच्या? पहिल्या गुरुवारी ते दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसले. समोर एक बारीक, उंच माणूस होता. त्याला सगळे ‘पहिलवान’ म्हणत. “आधी होतो,” तो हसून म्हणाला, “आता नाव तेवढं उरलंय!” शेजारी शहरबस चालवणारी एक बाई होती, गणवेशातच आलेली. कंबरपट्ट्याला भोकं पाडून पाडून जागा उरली नव्हती. तिला सगळे बसवाली म्हणत. दर नव्या माणसाला एक जुना माणूस जोडून द्यायचा, अशी तिथली रीत. दादांच्या वाट्याला ती आली.

“काय काका,” तिने खुर्ची ओढत पहिलाच प्रश्न विचारला, “घोट घोट चाललंय ना?”

दादांनी हातातला पेला खाली ठेवला.

“हे... हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं?”

“शिकवायचंय काय त्यात? आमच्यातले सगळे असंच विचारतात. नाहीतर काय विचारणार, गटागट चाललंय का?”

खोली हसली. दादा हसले नाहीत. कपाटातला अभ्रा कुणीतरी आतून हलवल्यासारखं त्यांना वाटलं.

पुढे रोज सकाळी फेरीवर निघण्याआधी बसवालीचा फोन येऊ लागला. दादा एकदोन शब्दांत उत्तर देत. पण फोनला उशीर झाला की त्यांचंच लक्ष घड्याळाकडे लागे. एकदा मऊ भात घाईत गिळून ते कासावीस झाले, तेव्हा तिने फोनवरून त्यांना शांत केलं होतं, “उठा, हळूहळू चाला, घाबरू नका. माझंही असंच झालं होतं. भात काही पळून जात नव्हता, काका!” घरात ‘माझंही’ म्हणणारं कुणी नव्हतं. त्या एका शब्दाने किती धीर येतो, हे दादांना या वयात कळत होतं.

आणि नेमकी याच सुमारास मुलीची तारीख जवळ आली. पहिलं बाळंतपण. जावई बोटीवर नोकरीला, समुद्रात. सासरी जवळचं असं कुणी नाही. “बाबा, तुम्ही याल ना?” ती फोनवर म्हणाली होती, आणि दादांनी मुळीच विचार न करता शब्द देऊन टाकला होता. आईविना वाढलेलं लेकरू ते! तिच्या अशा वेळी आपण नाही जायचं, तर जन्म कशासाठी घेतला?

नातवंडासाठी ते एक कोरी वही बांधत होते. बाळाचा पहिला दात, पहिला शब्द मुलीने त्यात लिहावा म्हणून. पाठीला मऊ निळं कापड, आत दोऱ्याची बारीक शिवण. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी खळ लावली, वही दोन फळ्यांमध्ये ठेवून वर जड दगड ठेवला आणि ते खुर्चीत टेकले... तेव्हा डावा खांदा दुखत होता. अंगात कसर होती. बसल्याजागी छाती धडधडत होती, जिने चढून आल्यासारखी.

ही लक्षणं त्यांना पाठ होती. पण डॉक्टरांना सांगितलं तर जाऊ देणार नाहीत! दादांनी अंगावर शाल घेतली आणि स्वतःला बजावलं, परत आल्यावर सांगू.

सकाळी फोन वाजला.

“घोट घोट?”

“हो. चाललंय.”

“काका, धाप का लागली?”

“बॅग भरतोय.”

“बॅगेत काय दगड भरताय का?” “ताप बघितलात?”

“...बघतो नंतर.”

“नंतर नाही. मी येते.”

“अहो, तुमची बस...”

“माझी फेरी दुसऱ्याला देते. दार उघडं ठेवा.”

ती आली, तेव्हा दादा टेबलाशी उभे होते, एका हाताने कड घट्ट धरून. तिने कपाळाला हात लावला, मनगट धरलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“चला रुग्णालयात.”

“मला मुलीकडे जायचंय,” दादा म्हणाले. आवाज शांत ठेवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. “मी शब्द दिलाय तिला. तुम्हाला नाही कळायचं. जवळच्या माणसाच्या अशा वेळी डॉक्टरांचं निमित्त सांगून मागे राहणारी माणसं मी बघितली आहेत. मला तसं व्हायचं नाही!”

टेबलावरची आवराआवर करावी म्हणून बसवालीने दगडाला हात घातला, खालची निळी वही उचलू लागली.

“नको, नको!” दादा एकदम ओरडले. “हात लावू नका. खळ ओली आहे अजून. आत्ता उघडलीत तर पाठ सुटेल, सगळी पानं हातात येतील!”

“मग कधी उघडायची?”

“वाळल्यावर. त्याआधी राजा आला तरी नाही.”

बसवालीने दगड हळूच पुन्हा जागेवर ठेवला आणि वळून त्यांच्याकडे बघितलं.

“आणि तुमची शिवण, काका? ती वाळली?”

आयुष्यभर दादा घाईच्या वाचकांना सांगत आले होते, वाळू द्या, थांबा... आणि थांबणं म्हणजे पुस्तकावर प्रेम नसणं, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं! त्यांनी टेबलाची कड सोडली. बसवालीने त्यांना सावरलं, बॅग तिथेच ठेवली, आणि तिचा हात धरून ते जिना उतरले.

आतल्या शिवणीला बारीक छिद्र पडलं होतं. “वेळेवर आलात,” डॉक्टर म्हणाले. “प्रवासाला निघाला असतात, तर वाटेत काय झालं असतं ते मी सांगत नाही. आता काही दिवस तोंडाने काही नाही. मग पाणी, तेही चमच्याने.”

चमच्याने!

दादा छताकडे बघत पडून राहिले. ‘पाणीसुद्धा चमच्याने पीत होते मी...’ हे तिने लिहिलं होतं. इतकं साधं, इतकं उघड! ते त्यांनी वाचलं होतं आणि रागाने डोळ्यांवरून घसरू दिलं होतं. तीही अशीच पडली असेल. नळ्या लावलेली, तापलेली, छताकडे बघत. तिकडे आई जात होती, आणि ही उठू शकत नव्हती. जीव वाचवण्यासाठी जागेवर पडून राहण्याचं दुःख किती भयंकर असतं! आणि त्या दुःखाला आपण हौस म्हटलं... आपण एकट्यानेच त्याग केला, असं इतकी वर्षं मानत आलो! दादांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत गेलं; पुसायला हात उचलवेना. बाहेर बाकावर बसवाली आणि पहिलवान पाळीपाळीने बसून होते, कुणी सांगितलेलं नसताना.

मुलीला कळवायचं कसं, या चिंतेत असतानाच तिचाच फोन आला.

“बाबा, मला सगळं कळलंय. तुमच्या बसवाल्या ताईंनी सांगितलं. उठायचा विचारही करू नका हं. तुम्हाला नात झाली आहे. छान आहे. आणि तुमच्यासारखीच गुबगुबीत!”

“एकटी होतीस गं...” दादा म्हणाले.

“एकटी नव्हते,” ती हळूच म्हणाली. “रागावू नका. आत्या आली आहे. मी बोलते तिच्याशी, मधूनमधून. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही येऊ शकत नाही म्हटल्यावर ती मिळेल त्या गाडीने निघून आली. बाळाला पहिल्यांदा तिनेच घेतलं.”

फोनमध्ये खुडबुड झाली. मग एक आवाज आला, थोडा म्हातारा झालेला, पण ओळखीचा.

“दादा.”

दादांनी फोन कानाशी घट्ट धरला.

“बोलू नकोस. डॉक्टरांचं ऐकतोयस ना? तेवढं कर. माझ्यावरचा राग राहू दे, पण त्यांचं ऐक.”

“ढोलकी, मी... तुझ्या त्या पत्राला...”

“फोनवर नको,” ती म्हणाली. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. “पत्र लिहिलं होतं मी. उत्तर पत्रानेच यायला हवं. तब्येत सुधारू दे आधी. इतकी वर्षं थांबले, अजून थोडी थांबेन.”

यथावकाश दादा घरी आले. गुरुवारी ते दाराजवळच्या खुर्चीत बसले नाहीत. आत, गोलात बसले. एक नवा तरुण घाबराघुबरा होऊन आला होता, ताप लपवावासा वाटतो म्हणाला, घरच्यांना त्रास नको म्हणून. दादांनी त्याच्याकडे खुर्ची ओढली आणि म्हणाले, “माझंही असंच झालं होतं.”

दुसऱ्या दिवशी ते पत्र लिहायला बसले. पहिला कागद क्षमा मागण्यात भरला. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात आईचे शेवटचे दिवस आले, तिने धाकटीचं नाव घेऊन काय म्हटलं होतं ते आलं, आणि ते तसंच ठेवलं. ते तिचं होतं. इतकी वर्षं आपण उगाच जवळ ठेवलं. शेवटी कोऱ्या कागदावर त्यांनी मोठ्या अक्षरात एकच ओळ लिहिली.

‘ढोलके, घोट घोट चाललंय ना? तुझा ढोल.’

दोन्ही कागद त्यांनी पाकिटात घातले. निळी वही आता नीट वाळली होती, कडा सरळ, पाठ घट्ट. तिला वेगळ्या पुडक्यात बांधलं. पाकिटाच्या कडेला बोटाने खळ लावली, वर हात दाबून ठेवला.

कोपऱ्यावरची टपालपेटी आता डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या चालण्याच्या अंतरातच होती. चप्पल दारात तयार होती. पण दादा उठले नाहीत. खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं, तिथे पाकीट ठेवून ते शांतपणे बसून राहिले, मधूनमधून पाण्याचा लहान लहान घोट घेत, खळ वाळेपर्यंत.

मग ते गेले, आणि पत्र टाकलं.