कासवाचा दर

दादा शेअरना टोपणनावं ठेवायचा. परदेशी कंपन्यांची लांबलचक नावं त्याच्या जिभेवर बसत नसत, म्हणून एक झाली मारकुटी, एक उधळी, एक गरीब गाय. आणि एक परदेशी फंड वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, म्हणून तो कासव.

घरचा हिशेब तो एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचा. त्यात प्रत्येक शेअरसमोर बाजारातला त्याचा चार-पाच अक्षरांचा संकेत लिहायचा; मग सकाळी एक बटण दाबलं की परदेशातले दर आपोआप येऊन रकान्यात बसतात. कासवाची मात्र बाजारात खरेदी-विक्री होत नसे, त्यामुळे त्याला संकेतच नव्हता. फंडाच्या कचेरीकडून दर कळायचा, तो हाताने भरावा लागे. दादाने संकेताच्या जागी सरळ 'कासव' लिहिलं आणि वर 'दर आपोआप आणा' या चौकटीत बरोबरची खूणही करून ठेवली.

मी ऑडिटर. मला असलं बघवत नाही. म्हटलं, "अरे, जगातल्या कुठल्या बाजारात तुझं कासव बसलंय?"

"शोधू दे की. सापडलं तर सापडलं."

सॉफ्टवेअर रोज इमानेइतबारे शोधायचं आणि लाल अक्षरांत कळवायचं: कासव सापडले नाही. दादा रोज हसायचा. काही माणसांना हसायला फार थोडं लागतं.

मग त्या फंडाचे व्यवहार थांबवले गेले. पैसे अडकले, दर कळवणंही बंद झालं. त्यानंतर दोन वर्षांनी दादा गेला.

घर दोन मजली. खाली वहिनीचं चष्म्याचं दुकान, वर राहायची जागा. ते दादाच्या आणि आमच्या धाकट्या भावाच्या नावावर अर्धं-अर्धं. धाकट्याला दादा शेंडेफळ म्हणायचा, आणि चाळिशी उलटून पोट सुटलं तरी त्याचं दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. घरं विकून देणं हा त्याचा धंदा. दादाचं आवरून होतंय न होतंय तोच त्याने वहिनीला वकिलाचं पत्र दिलं: महिनाअखेरीपर्यंत माझा अर्धा हिस्सा विकत घ्या, नाहीतर तुमचा मला द्या. पत्र देताना डोळे पाणावले होते. त्याचे डोळे नेहमी वेळेवर पाणावतात.

वहिनीकडे पुरेसा पैसा एकाच ठिकाणी होता, आणि तो कासवाच्या पोटात होता.

"त्याचीही सोय केलीय मी," शेंडेफळ म्हणाला आणि एक फॉर्म काउंटरवर ठेवला. कुठलीशी कंपनी असले अडकलेले फंड उचलत होती. गुंतवलेल्या शंभराला सहा. "शुक्रवारपर्यंत सही करा, वहिनी. मेलेल्या घोड्याचे सहा मिळताहेत, घेऊन टाका."

"घोडा नाही, कासव आहे," वहिनी म्हणाली आणि एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. दादाची सवय म्हणून ती रोज ते बटण दाबायची, एवढंच तिला येत होतं.

"वन्सं, आज लाल अक्षरं नाही आली."

मी गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी दादाचा संगणक होता. खोलीला ओल्या दगडाचा वास. कासवापुढे त्या दिवसाचा दर आला होता, चार दशांश स्थळांपर्यंत. शंभराला सहाच्या जवळपासही नाही. चौऱ्याण्णव.

"चूक आहे," मी म्हटलं. "दुसऱ्याच कशाचा तरी दर उचललाय."

आता हे सॉफ्टवेअर एक गोष्ट चोख करतं. प्रत्येक दरापुढे तो आला कुठून, तेही लिहितं. बाजारातून आलेला असेल तर 'आयात'. मारकुटी, उधळी, गरीब गाय, सगळ्यांपुढे 'आयात' होतं. कासवापुढे होतं 'हाताने भरला'.

"वहिनी, तू भरलास?"

"मला टोपी घालायची असती तर जरा मोठा आकडा नसता घातला?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी पासवर्ड बदलला आणि तो तिलाही सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बटण दाबलं. कासव थोडं वर. हाताने भरला. त्याच्या पुढच्या दिवशी दर आला नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि मग कॅलेंडर बघितलं. फंडाच्या देशात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी होती.

गुरुवारी मी इंटरनेटची वायर भिंतीतून उपटली. वायफाय बंद केलं. वायरचं टोक हातात धरून दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

मारकुटी सापडली नाही. उधळी सापडली नाही. गरीब गाय सापडली नाही. सगळी यादी लाल झाली.

एकटं कासव आलं.

वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होती. भीती नव्हती तिच्या चेहऱ्यावर. संसारात नवऱ्याने उशिरा का होईना पण सांगितलेलं काम केलं की बायका जशा बघतात, तशी बघत होती.

"उद्या शुक्रवार," ती म्हणाली. "काय करू?"

"ऑडिटर म्हणून विचारशील तर हा पुरावा मी कुठल्याही कागदावर घेणार नाही."

"आणि नणंद म्हणून?"

मी वायर खाली ठेवली.

शुक्रवारी शेंडेफळ स्वतःचं पेन घेऊन आला. वहिनीने फॉर्म घेतला, नीट घडी घातली, आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला. स्टूल हलवून बघितलं.

"आता बसलं."

"वहिनी, रस्त्यावर याल!"

"आले तर तुमच्याकडेच येईन की, भावजी. घरचेच आहात."

तो माझ्याकडे वळला. "ताई, तू तरी अक्कल शिकव यांना. तुझा तर हिशेबाचा धंदा."

"माझा आहे," मी म्हटलं. "पण फंड तिचा आहे."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आम्हा दोघींनाच ठाऊक. वहिनीने वरच्या मजल्यावरची भांडी खोक्यांत भरायला घेतली, अर्धी भरली, परत फळीवर मांडली. रोज सकाळी कासव एक पाऊल वर.

आणि महिना संपायला आठवडा उरला असताना फंडाच्या कचेरीची मेल आली. अडकलेली मालमत्ता विकली गेली होती. फंड गुंडाळून सर्वांचे पैसे परत करत होते. मेलच्या शेवटी दर दिला होता. मी सॉफ्टवेअर उघडून त्यातला दर शेजारी धरला. चारही दशांश स्थळं जुळली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे जुळवले. इतका गोड जुळलेला आकडा पाहिला नव्हता. वहिनीने भिंगाचं यंत्र बंद केलं, मला घट्ट धरलं आणि त्या वीतभर खोलीत गरकन फिरवलं. आमच्या दोघींची वयं मिळून शंभराच्या पुढे आहेत.

पैसे चार दिवसांत जमा झाले. वहिनीने शेंडेफळला दुकानात बोलावलं आणि डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं. समोरच्या तक्त्यावर, सगळ्यात मोठ्या अक्षराच्या जागी, तिने चेक चिकटवला होता.

"वाचा, भावजी. मोठ्याने."

तो वाचेना.

"दिसत नाही का? भिंग बदलून देऊ?"

बाहेर बाकावर बसलेलं गिऱ्हाईक खो खो हसलं. शेंडेफळने आकडा वाचला, सगळाच्या सगळा, शेवटच्या शून्यापर्यंत. मग वकिलासमोर सह्या झाल्या आणि घर वहिनीचं झालं. संध्याकाळी आम्ही दुकानाचे सगळे दिवे लावून बसलो. भिंतीभर मांडलेल्या चष्म्यांच्या काचांत दिव्यांची नुसती चंगळ.

माझ्यातला ऑडिटर मात्र गप्प बसेना. दोन दिवसांनी मी वहिनीच्या दुकानातूनच फंडाच्या कचेरीला फोन लावला. ही अमुक किंमत तुम्ही ठरवली कशी, एवढंच विचारलं. पलीकडची बाई फार अदबीने बोलत होती.

"तुमच्याकडूनच दर येत होते ना," ती म्हणाली. "रोज सकाळी एक फाइल. आम्ही आधी लक्ष दिलं नाही. मग एकेक मालमत्ता विकत गेलो तसं बघितलं, तर त्या त्या दिवशीचा तुमचा दर अचूक होता. शेवटी आम्ही तीच फाइल आयात करायला लागलो."

"पाठवत कोण होतं?"

"खातेदार. त्यांच्याच नावाने येते."

खातेदार वारले आहेत, असं मी तिला सांगितलं. कधी वारले तेही.

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला.

"आज सकाळीही आली आहे," ती म्हणाली. "पण आता त्यात फंड नाही. दुसरंच काही आहे. अक्षरं तुमच्या भाषेतली असावीत, आम्हाला वाचता येत नाहीत. आम्ही हे घ्यायचं का?"

मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. मागच्या खोलीत गेले. वहिनी संगणकासमोर होती, हातात चहाचा कप; पैसे जमा झाले तेव्हाच मी तिला नवा पासवर्ड देऊन टाकला होता. यादीतून कासव गेलं होतं. त्याच्या जागी नवी ओळ होती. नग एक. तीन दिवसांचे तीन दर, तीनही उतरते. हाताने भरला. हाताने भरला. हाताने भरला.

नावाच्या जागी लिहिलं होतं: शेंडेफळ.

मी तिथूनच त्याला फोन केला. बरा आहेस ना, विचारलं. तो म्हणाला बराय, जरा थकवा आहे, का कोण जाणे. पँट सैल व्हायला लागलीय. या आठवड्यात पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली.

"वहिनी," मी म्हटलं, "पुसून टाक ती ओळ."

तिने कप खाली ठेवला. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ वाकून आकडा नीट वाचला, चारही दशांश स्थळांपर्यंत.

"थांबा हो, वन्सं," ती म्हणाली. "अजून जरा उतरू दे."