पोतंभर लव्हाळा

गुलबर्ग्याच्या सार्वजनिक बागेत माळी म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच सकाळी सिद्धरामाने एक खोलगट वाफा खुरपून आरशासारखा स्वच्छ केला. घाम पुसत त्याने मान वर केली, तो समोर एक तरुणी उभी — ओढणी खांद्यावरून ओघळलेली, डोळ्यांत वीज.

"हितला लव्हाळा कुठं हाय, अण्णा?"

"गेला!" त्याने फाटकाबाहेर पडणाऱ्या कचरागाडीकडे अभिमानाने बोट दाखवले. "एक गाठ ठिवली न्हाई."

"तो म्या लावलेला होता!"

ठाणाकुशनूरच्या ज्या शेतात सिद्धराम वाढला, तिथे लव्हाळा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा वैरी. तो कुणी हौसेने लावील, या कल्पनेचेच त्याला हसू आले.

"हसा! रस्त्यावरचं पानी ह्या खड्ड्यात यावं अन् मुरावं, म्हनून खाली वाळू घातली, वर हितलीच झाडं लावली. मुळ्या माती धरत्यात, पान्याला वाट देत्यात. शनिवारी बागेचं साहेब तपासायला येनार. पानी तुंबलेलं दिसलं, की खड्डा बुजवून सिमेटचं कारंजं... अन् म्या परत घरी, संतपूरला."

ती जगदेवी, शेतकीचे शिक्षण घेऊन हंगामी नेमणुकीवर आलेली. न बांधलेल्या त्या कारंज्याचा सिद्धरामाला एकाएकी विलक्षण राग आला.

त्याच दिवशी तो गावी गेला आणि दुसऱ्या दुपारी खांद्यावर पोते घेऊन परतला.

"अप्पा चाळीस वरसं हेच उपटायलाय. म्या मागितला तर म्हनला, पोराला बाधा झाली."

"मग तुमी काय म्हनलाव, अण्णा?"

"म्हनलो, झाली..." तो अडखळला. "तेवढं अण्णा म्हनू नका."

तिने मान खाली घातली. पण ओठांचा कोपरा हललाच. रिमझिमीत दोघांनी एकेक गाठ रोवली. चिखलात बोटांना बोटे लागली, की दोघेही घाईघाईने लव्हाळ्याविषयी बोलू लागत.

शनिवारी पहाटे पाऊस कोसळला. दहाला साहेब आले, तेव्हा खड्डा काठोकाठ भरलेला! त्यांच्या कपाळावर आठी उमटली. जगदेवीचा चेहरा उतरला, तसा सिद्धराम पुढे झाला. बागेतले एकेक झाड दाखवीत, दोनदा चहा पाजीत त्याने साहेबांना तीन तास गुंतवून ठेवले. परत येऊन पाहतात, तो पाणी मुरलेले, लव्हाळ्याभोवती नुसती ओली माती.

"राहू द्या हा खड्डा," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

दोघेच उरले.

"आई म्हनली," सिद्धराम खुरप्याला लागलेली माती उगाच खरवडत म्हणाला, "लव्हाळा मागनारीला एकदा घिऊन ये."

"कामून? बघायला?"

"न्हाई... खुरपायला."

ती खळखळून हसली. आणि ते हसणे ऐकल्यावर त्याला थट्टेआड लपता येईना.

"न्हाई. बघायलाच. म्या तर... कवाच बघून बसलोय."

जगदेवीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"उद्या रविवार हाय," ती हळूच म्हणाली. "पहिल्या बसनं जाऊ. पन आदी संतपूरला उतरायचं... माज्या अप्पालाबी तुमाला बघावं लागंल."