बार्नबीने लावलेलं गेट

"हे गेट तुम्ही लावलंत?"

मी ओरडलेच. ओरडणार नाही तर काय! कुरणाच्या वरच्या अंगाला आमची सगळी कोकरं, खालच्या अंगाला त्यांच्या आया, मध्ये घट्ट लावलेलं गेट... आणि दोन्हीकडून असा आकांत, की कानात बोटं घालावीत. तिथून दहा पावलांवर, पांढऱ्या खडीच्या वाटेवर, एक उंच तरुण जाड टायरच्या सायकलला टेकून निवांत फ्लॅपजॅक, म्हणजे ओट्सची गोड वडी, खात होता.

"हो, मीच," तो म्हणाला. वर हसला! "कुणीतरी उघडं टाकून गेलं होतं. म्हटलं, मेंढ्या बाहेर जातील... आभार वगैरे नकोत हं."

"आभार?" माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अहो, ते मी उघडं ठेवलं होतं! चांगलं दोरीने बांधून! पाण्याचा हौद खाली आहे. आया प्यायला उतरल्या, पोरं वर झोपली होती, आणि तुम्ही मधलं दार लावून मोकळे! गेट जसं दिसेल तसंच ठेवायचं, एवढी साधी रीत माहीत नाही?"

त्याचा घास तोंडातच राहिला. "दोरी... मीच सोडली," तो हळूच म्हणाला. "नीट घडी करून खांबावर ठेवलीय."

घडी करून! मला हसू आलं, पण मी ते दाबलं. त्याने पुढे होऊन गेट उघडलं आणि मेंढ्यांचा लोंढा त्याच्या पायांवरूनच वर धावला. क्षणभर नुसता गोंधळ. मग एकेक आई एकेका कोकराला हुंगत, ढुशी देत, आपलं पोर ओळखून थांबायला लागली. रडं विरत गेलं.

एक कोकरू मात्र एकटंच उरलं. त्याची आई हौदापलीकडे झुडपात अडकून बसली होती. मी काही बोलायच्या आत हा पठ्ठ्या उतारावरून धावत सुटला. पायात सायकलचे गुळगुळीत बूट, वर भुरभुर पाऊस... घसरला तो थेट खाजकुयलीसारख्या त्या बिछूच्या झाडोऱ्यात! तरी उठला, मेंढीला सोडवलं आणि ढकलत ढकलत वर आणलं. कोकरू तिच्या पोटाखाली घुसलं, शेपूट थरथरायला लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"माफ करा," तो हात चोळत म्हणाला. हातांवर लालभडक गांध्या उठल्या होत्या. "मी बार्नबी."

"टॅम्सिन. बांधावरची ही थंड पानं चोळा, आग थांबेल... नाही, अशी नाही. द्या इकडे हात."

मी चोळत होते आणि तो हाताकडे सोडून भलतीकडेच बघत होता. हॉथॉर्नच्या कुंपणाला पांढरा बहर आला होता. माझ्या केसांत त्याच्या पाकळ्या अडकल्या असणार... असं मी स्वतःला समजावलं.

नेमकी तेव्हाच हेस्टर आत्याची जीप आली. शेत आत्याचं, मी तिच्या हाताखाली. माझा ओरडा तिला घरापर्यंत ऐकू आला होता. बार्नबीने सगळं खरं सांगितलं, अगदी दोरीच्या घडीसकट.

"बस्स," आत्या म्हणाली. "आजपासून ही वाट सायकलवाल्यांना बंद. सरकारी वाट नाही ही. माझ्या भलेपणावर चालली होती."

त्याचा चेहरा एकदम उतरला.

"बाई, तेवढं नका करू," तो म्हणाला. "माझ्या बाबांना हमरस्त्यावर एका ट्रकने उडवलं होतं. पाय बरा झाला, पण भीती गेली नाही. ज्यांनी मला सायकल शिकवली, ते आता सायकलला हातसुद्धा लावत नाहीत. म्हणून गाड्या लागणार नाहीत अशा खडीच्या वाटा जोडत जोडत मी हा मार्ग काढलाय. रविवारी आमच्या क्लबची फेरी आहे आणि बाबा कसेबसे तयार झालेत. तुमचा हा तुकडा नसेल तर पुन्हा हमरस्ता... मग ते येणारच नाहीत. यंदा नाही, कधीच नाही."

आत्याने चष्मा पुसला. तो पुसायला लागली की ती विरघळतेय हे मला कळतं.

"फेरी आहे तोवर गेटाशी माणूस हवा," ती शेवटी म्हणाली. "हलायचं नाही तिथून."

"मी उभा राहतो!"

"आणि वडिलांबरोबर कोण जाणार?" मी विचारलं.

"माझ्याशिवाय ते निघणार नाहीत..."

"मी राहते उभी," मी म्हणाले.

"तू?" आत्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सायकलवाल्यांच्या नावाने रोज बोटं मोडणारी तू?"

माझे कान तापले. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे, आत्या!"

त्या आठवड्यात बार्नबी रोज संध्याकाळी गेट "तपासायला" आला.

"लाकडी गेट आहे, रोज काय बदलणार त्यात?" मी म्हणायची.

"बिजागरी करकरतेय. तेल आणलंय."

"कालही आणलं होतंस."

"कालचं... वाळलं असेल."

आम्ही 'अहो'वरून 'अरे'वर कधी आलो, ते दोघांनाही कळलं नाही. पण तो निघाला की मला हुरहुर लागायची. रविवार संपला की तेलही संपणार होतं ना!

रविवारी ढग होते, पण पाऊस थांबला होता. एकामागून एक सायकली आल्या, "गुड मॉर्निंग" झालं, मी गेटाशी उभीच. बार्नबीचा पत्ता नाही. शेवटी एका बाईंना विचारलं.

"बाप-लेक ना? मागे आहेत. उतरून चालताहेत बिचारे."

निघालेच नसते तर एक वेळ चाललं असतं. पण इथवर येऊन हरले, तर ते परत कधी बसणार? मी खांबावर चढून वाटेकडे डोळे लावले... आणि वळणावर पिवळं जाकीट दिसलं. चालत नव्हतं. सायकलवर होतं! मागे बार्नबी.

"तुम्हीच का त्या गेटवाल्या?" पिवळ्या जाकिटातले डेस्मंडकाका थांबून म्हणाले. गाल लालबुंद, डोळे चमकत. "घरी सध्या दुसरा विषयच नाही."

"बाबा!"

"तू गप रे. मघापासून 'बाबा हळू', 'बाबा जपून'... डोकं उठवलंस माझं. पुढे उतार आहे, वाट छान आहे, मी एकटा जातो. तू उतर इथंच."

"एकटे? पण बाबा..."

"उतर म्हटलं ना!"

आणि ते गेले. मान ताठ, चाकांखाली खडी करकरत, एकदाही मागे न बघता. पार खालच्या झाडीत पिवळं जाकीट दिसेनासं झालं, तसा बार्नबी मटकन गवतात बसला.

"गेले, टॅम्सिन. एकटे गेले." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

मी शेजारी बसून थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला. त्याने माझा हातही धरला, सोडला नाही.

"ऐक ना," तो म्हणाला. "आता उद्यापासून... म्हणजे गेट तर ठीक आहे... पण मला असं म्हणायचं होतं की..."

"की?"

"की... बिजागरी..."

"अरे देवा, बिजागरी गेली खड्ड्यात! मला तू आवडतोस, बार्नबी. खूप. झालं, मीच बोलले. आता काहीतरी बोल."

उत्तराऐवजी चहाच माझ्या मांडीवर सांडला, कारण त्याला तेवढ्यात मला जवळ घ्यायचं होतं. ओठांना फ्लॅपजॅकची गोडी होती.

मग त्याचा फोन वाजला. डेस्मंडकाकांचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू येत होता.

"पोचलो रे! चहा प्यायला बसलोय. कसली मजा आली म्हणून सांगू!" मग जरा थांबून... "आणि काय रे, विचारलंस का तिला?"

बार्नबी कानापर्यंत लाल झाला. "नाही, बाबा. तिनेच सांगितलं."

"सुटलो एकदाचा!" काका पलीकडून ओरडले. "अरे, त्या उतारावर माझे पाय लटपटत होते. पण मी तिथे थांबलो असतो, तर तू बिजागरीवरच बोलत बसला असतास!"