कोपऱ्यातली कोरडी वाटी

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण नजलाने हे मला अल्लाची शपथ घेऊन सांगितलंय. गाव अलेक्झांड्रिया, गेल्या रमजानमधली एक तिन्हीसांज.

नजला मेंदूच्या कॅन्सरवरचं औषध तपासायची. उंदरांच्या मेंदूत गाठ वाढवायची, मग औषध द्यायचं, कोण तगतंय ते बघायचं.

शेवटी औषध दिलेल्यांपैकी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली पांढरी उंदरीणच उरली. एक बाजू लुळी. वरच्या बाटलीपर्यंत तोंड पोचेना, म्हणून नजला खाली वाटीत पाणी ठेवायची. पाणी संपलं की ती नाकाने वाटी ढकलायची.

खर्र...

त्या गुरुवारी रोजा सोडायला घर गाठायची घाई होती. दिवसभर स्वतःच्याच घशाखाली थेंब नाही... वाटी भरायची राहिली.

शुक्रवारी सुट्टी, पण उंदरांकडे बघायची पाळी तिचीच होती. "बाटल्या भरलेल्या आहेत, एका दिवसाने काय होतंय," म्हणून ती गेलीच नाही.

शनिवारी उंदरीण मेलेली. तोंड कोरड्या वाटीत.

"गाठीनेच गेली ना?" लॅबचे प्रमुख रिफअत सरांनी विचारलं.

"हो सर."

"मग गेलं हेही औषध. बंद करा."

नजलाने पिंजरा धुवायला घेतला.

संध्याकाळी लॅबमध्येच रोजा सोडायचा होता. मशिदीच्या कर्ण्यावर शेख आळवून सांगत होते... तहानलेल्या कुत्र्याला ज्याने पाणी पाजलं, त्याला देवाने माफ केलं. काय तो गळा! ऐकताना तिचे डोळे भरून आले.

अजान झाली. तिने पेला उचलला.

खर्र...

कोपऱ्यातून.

पिंजरा तर धुऊन, नवा भुसा घालून रिकामा ठेवलेला!

"रीहाम, ऐकलंस?"

"काय, माझं पोट?" मैत्रीण खजूर चघळत म्हणाली. "ते दुपारपासून बोंबलतंय!"

खर्र... खर्र...

नजलाने वाटी भरून रिकाम्या पिंजऱ्यात ठेवली. झाकण लावलं.

आवाज थांबला.

सकाळी वाटी कोरडी. खालचा भुसाही कोरडा...

तिला राहवेना. ती सरांकडे गेली. "सर, ती गाठीने नाही, तहानेने गेली. मी पाणी विसरले."

सरांनी बंद केलेली फाइल पुन्हा उघडली.

"म्हणजे औषध फसलंच असं नाही. पुन्हा तपासायला हवं." मग हळूच म्हणाले, "पण पोरी, त्यासाठी नवे उंदीर लागतील. नव्या गाठी."

खरं बोललं की आवाज थांबेल, असं तिला वाटलं होतं.

नवे उंदीर आले. प्रत्येकाची वाटी ती स्वतः भरते. कोपऱ्यातला पिंजरा मात्र कुणालाच देऊ देत नाही.

रमजान कधीच संपला. तरी मावळतीला लॅबमध्ये पेला ओठाशी नेला की...

खर्र...

ती उठते. आधी तिथं पाणी ठेवते, मग पिते.

सकाळी वाटी कोरडीच असते.