धरून ठेवलेली जागा

पाहुणे यायचे म्हटलं की गिरगावकराच्या अंगात येतं. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याला स्वतःला पाय पसरायला जागा नसते, पण मुंबई जणू त्याच्या आजोबांनीच वसवलीय अशा थाटात तो ती दाखवायला निघतो. रघुवीरही त्यातलाच. एरवी कचेरीतून येऊन खुर्चीत बसला की बायकोने हाक मारली तरी ढिम्म हलायचा नाही. पण साठ सालच्या एप्रिल अखेरीस त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. रविवारी महाराष्ट्र राज्य यायचं होतं, शहरभर रोषणाई होती. शनिवारी दुपारी ठाकुरद्वारला जेवण, संध्याकाळी दिवे आणि चौपाटीवर भेळ. रविवारी राणीचा बाग, मग दादरला मोठ्या हॉटेलात जेवण. सोमवारी सकाळच्या बोटीने पाहुण्यांची पाठवणी. त्याची बायको उर्मिला म्हणाली, पाहुण्यांनी श्वास कधी घ्यायचा तेही एकदा ठरवून टाका.

पाहुणे म्हणजे हर्णैची दुर्गा आणि तिची मुलगी बेबी. दुर्गा ही रघुवीरच्या धाकट्या भावाची, गुरुदत्तची बायको. गुरुदत्त आता नव्हता. असाच एक बेत चार वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुट्टीत ठरला होता आणि तो अर्ध्यावरच राहिला होता.

गुरुदत्तला एक खोड होती. कुठेही जायचं असो, हा सगळ्यांच्या पुढे पळायचा आणि रुमाल टाकून जागा धरायचा. खानावळीत, नाटकाला, बोटीच्या डेकवर, सगळीकडे. हर्णैला बोट धक्क्याला लागत नाही, भर समुद्रात पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरावं लागतं. तिथेही पहिली उडी याची, मग खालून हात वर करून बेबीला झेलायचा. दुर्गा जुन्या लुगड्याचे रुमाल शिवून द्यायची, एका कडेला डाळिंबी काठ ठेवून. छप्पनच्या त्या जानेवारीत गंगुबाईंच्या खानावळीत जेवायचं ठरलं होतं. तुम्ही सावकाश या, मी जागा धरतो, असं म्हणून तो पुढे गेला. बाहेर महाराष्ट्र राज्यासाठीच्या चळवळीची गडबड चालू आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण दोन गल्ल्या ओलांडून तर जायचं होतं. त्याने खुर्चीवर रुमाल टाकला, मंडळी येताहेत का ते बघायला गल्लीच्या तोंडाशी आला, आणि पोलिसांची गोळी लागली. हॉस्पिटलातून त्याचं घड्याळ मिळालं, चष्मा मिळाला. रुमालाची कुणाला आठवणही झाली नाही. बेबी तेव्हा तीन वर्षांची होती.

म्हणून या खेपेला रघुवीरने गंगुबाईंची गल्ली तेवढी वगळली. बापाने कबूल केलेली मुंबई पोरीला दाखवायची आणि तिला सुखरूप घरी पाठवायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

शनिवारी दुपारी ठाकुरद्वारच्या हॉटेलात ही तोबा गर्दी. लोक दारात घाम पुसत उभे. परत फिरावं असा विचार रघुवीर करतोय तोच गल्ल्यावरच्या माणसाने हात केला. आत या की, तुमची जागा धरलेली आहे, असं तो म्हणाला. रघुवीरला वाटलं, शेजारचे बाबुराव आधी येऊन बसले असतील. त्यांना अशी मजा करायची हौस होती.

कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं. चार खुर्च्या, आणि एका खुर्चीवर टाकलेला रुमाल. रघुवीरने तो सहज उचलला. रुमाल ओला होता. एका कडेला डाळिंबी काठ होता.

त्याने तो चटकन मुठीत दाबला आणि खिशात कोंबला. दुर्गाने पाहिलं की नाही ते कळेना. ती बेबीच्या केसांची रिबन नीट करत होती. पण त्या ओल्या कापडाला एक वास होता, आणि तो वास गिरगावातला माणूस सात जन्मांत विसरणार नाही. अश्रुधुराचा. छप्पन साली लोक असेच ओले रुमाल डोळ्यांवर धरून जिन्याखाली बसलेले असायचे. रघुवीरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उर्मिलाने विचारलं, तर रस्सा तिखट आहे म्हणाला. रस्सा अजून आला नव्हता.

निघताना त्याने गल्ल्यावर हळूच चौकशी केली. माणूस उंच होता, चष्मेवाला, घाईत होता, मंडळी मागून येताहेत म्हणाला, एवढंच कळलं. बाहेर पडल्यावर रघुवीरने खिसा चाचपला. खिसा कोरडा होता. रुमाल नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने दिवे पाहिले खरे, पण काय पाहिलं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सगळं शहर गुलाल उधळत होतं, पोरं खांद्यांवर बसून पिपाण्या वाजवत होती, आणि हा आपला बेबीचं मनगट धरून चालत होता. काका, हात दुखतोय, असं ती म्हणाली तेव्हा कुठे त्याने पकड सैल केली. उर्मिलाला सांगावं तर ती घाबरणार. दुर्गापुढे तर तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. पाहुण्यांना बोलावलं आपण, आता बाहेर पडायचं नाही म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने मनाची समजूत घातली. डाळिंबी काठाची लुगडी काय जगात एकट्या दुर्गाकडेच होती?

रविवारी राणीच्या बागेत मुंगीला शिरायला जागा नव्हती. तरी हत्तीच्या आवारासमोर एक बाक अख्खा मोकळा होता. त्याच्या एका टोकाला डाळिंबी काठाचा रुमाल अंथरला होता. बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन ताटकळत होत्या, पण बाकाकडे कुणी फिरकत नव्हतं.

रघुवीर घाईघाईने म्हणाला की इथे नको बसायला, ऊन आहे. पण बेबी धावत जाऊन बसलीसुद्धा. रुमालावर नाही, रुमालाच्या शेजारी, अंग चोरून, बाजूच्या माणसाला अडचण होऊ नये अशी. हत्तीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बाजूला मान वर करून बघत होती आणि हसत होती.

दुर्गा जागच्या जागी थबकली. तिने रुमाल पाहिला होता. पांढरीफटक पडली, पण ओरडली नाही. अगदी हळू, कुणी ऐकेल अशा भीतीने बोलली.

"दादा... हा मी शिवलेला आहे."

"चल, घरी जाऊ."

"दोनच होते तेव्हा त्यांच्याकडे. एक माझ्या ट्रंकेत आहे. दुसरा..."

रघुवीरने बेबीला उचललं आणि फाटकाचा रस्ता धरला. दादरचं जेवण रद्द, सगळा बेत रद्द. सरळ घर गाठायचं आणि उद्या सकाळी बोट. गुरुदत्त इथे, या शहरात गेला होता. जे काही होतं ते याच शहरात होतं. पोरीला मुंबईबाहेर काढलं की सुटलो, असं त्याने चालता चालता पक्कं केलं.

पण घर गाठायचं कसं? मिरवणुकांनी रस्ते तुंबले होते, ट्रामा जागीच उभ्या होत्या. लोकांचा लोंढा गिरगावाकडे नव्हे, उलटा परळाकडे चालला होता आणि त्या लोंढ्यात हे चौघे ढकलले गेले. रघुवीरने दोनदा गल्लीत शिरून परतायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा नवी मिरवणूक समोर आली. लालबागला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. बेबीला चालवेना, पाणी पाणी करत होती. समोर दिसली त्या खानावळीत ते शिरले. खानावळ कसली, चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली. या खानावळीचं नावही रघुवीरने कधी ऐकलं नव्हतं. आपण इथे येणार हे आपल्यालाच मघापर्यंत ठाऊक नव्हतं, हाच काय तो त्याला धीर होता.

मालक धोंडू नावाचा मालवणी म्हातारा होता. त्याने चौघांकडे पाहिलं आणि काही न विचारता आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं. टेबलावर पाण्याचे पेले मांडून ठेवले होते. तीन.

"आम्ही चौघं आहोत," रघुवीर म्हणाला.

"तुमचो माणूस येवन सांगान गेलो," धोंडू म्हणाला. "तीनच पानां मांडा... चेडू माझ्यावांगडा जेवतला, असा म्हणालो."

पोरगी माझ्याबरोबर जेवेल. दुर्गाने बेबीला इतकं घट्ट कवटाळलं की ती गुदमरून रडायला लागली. त्या खोलीत माशाच्या कालवणाचा घमघमाट होता, तरी त्यातून तो दुसरा वास हळूहळू वर येत होता आणि सगळ्यांचे डोळे झोंबत होते. जेवण तसंच टाकून ते बाहेर पडले. घरी आल्यावर रघुवीर दाराला कडी लावून दाराशीच बसला. कडीने काय होणार हे त्याला कळत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. बेबी मात्र शांत झोपली होती.

सोमवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोचल्यावर त्याला जरा बरं वाटलं. खारा वारा होता, हमालांची आरडाओरड होती, बोट समोर उभी होती. दुर्गाला तो म्हणाला की पोरीचा हात क्षणभरही सोडू नकोस आणि या शहरात तिला पुन्हा आणू नकोस. दुर्गाने मान हलवली. बेबीला त्याने जवळ घेतलं, तेव्हा ती कानाशी लागून म्हणाली,

"काका, हर्णैला पडावात आईने मला नाही धरायचं हं. तसं ठरलंय."

बरं बरं, असं म्हणत त्याने तिला फळीवरून पुढे सरकवलं. गर्दी रेटत होती, मागचे लोक ओरडत होते, ऐकलं होतं ते डोक्यात शिरायला वेळच नव्हता. दोघी वर चढल्या. खलाशांनी फळी ओढून घेतली.

मग त्याने वर पाहिलं. डेकवर माणसाला माणूस चिकटला होता. घोंगड्या, ट्रंका, करंड्या, तीळ ठेवायला जागा नव्हती. दुर्गा मधेच कुठेतरी चटई उलगडत होती, आणि चटई उलगडायला तिने पोरीचा हात सोडला होता. कठड्याला लागून तेवढी एक जागा मोकळी होती. तिथे फळ्यांवर रुमाल पसरला होता. डाळिंबी काठ इथूनही दिसत होता.

आणि त्या घटकेला सगळं त्याच्या डोक्यात लख्ख झालं. गुरुदत्तला या शहराशी काय देणंघेणं होतं? मुंबई बघून झाली की माणूस घरीच जातो. बेतातलं एवढं एकच काम राहिलं होतं, परतीच्या बोटीवर जागा धरायचं, आणि पोरीला त्या जागेपर्यंत आणून सोडलं ते आपणच, आपल्या हाताने...

"दुर्गा! पोरीला धर! दुर्गा!"

बोटीचा भोंगा वाजला आणि त्याचा आवाज त्यात विरून गेला. दुर्गाला तो हात हलवताना दिसला. तिनेही हात हलवला. बोट आणि धक्का यांच्यात पाणी वाढत गेलं. रघुवीर धक्क्याच्या कडेने धावला, धक्का संपला तिथे थांबला. शेजारच्या एका भल्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला की निरोपाच्या वेळी व्हायचंच असं.

बेबी रुमालावर जाऊन बसली होती. तिच्या बाजूला एका मोठ्या माणसाला पुरेल एवढी जागा रिकामी होती आणि एवढ्या गर्दीत तिथे कुणी पाय ठेवत नव्हतं. दोरखंड घेऊन चाललेला खलाशी तिथे आला, जरासा थांबला आणि वळसा घालून पुढे गेला.

वारा समुद्रावरून धक्क्याकडे येत होता. रघुवीरचे डोळे झोंबायला लागले. डोळे चोळून त्याने पुन्हा पाहिलं, तर बेबी कठड्याजवळ उभी राहिली होती. शेजारी मान वर करून ती कुणाचं तरी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने मान डोलावली आणि कठड्याबाहेर, खाली पाण्याकडे, दोन्ही हात पसरून दाखवले, पडावात उडी मारताना हात कसे धरायचे ते तिला आठवतंय म्हणून.